दाराबाहेरचा शब्द : ‘एक्स्टर्नॅलिटी’चा अर्थ कसा लावावा

लातूरला अर्थशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मागच्या उन्हाळ्यात आपली वही माझ्यापुढे ठेवली. इंग्रजी पुस्तकातला एक परिच्छेद तिने मराठीत आणला होता आणि ‘एक्स्टर्नॅलिटी’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे ‘परकेपणा’ असे लिहिले होते. त्यामुळे साखर कारखान्याच्या सांडपाण्याने “ओढ्याला परकेपणा येतो” असे एक वाक्य तयार झाले होते. वाक्य मोठ्याने वाचल्यावर आम्ही दोघेही हसलो, पण चूक तिची एकटीची नव्हती. तिने रीतसर कोश पाहिला होता, कोशात तिला ‘बाहेरचे असणे’ हा अर्थ मिळाला होता, आणि बाहेरचा तो परका हा हिशेब आपल्याकडे इतका अंगवळणी पडलेला आहे की तो पुन्हा तपासावा असे कोणाला वाटत नाही.

हा शब्द अर्थशास्त्राच्या, तत्त्वज्ञानाच्या, समाजशास्त्राच्या आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांच्याही वाचनात भेटतो. तो समजून घेण्यासाठी आणि मराठीत नीट मांडण्यासाठी मी जी रीत वापरतो ती येथे देतो. इतर अवजड भाववाचक नामांनाही ती लागू पडते, परंतु उदाहरण म्हणून हा एकच शब्द शेवटपर्यंत धरून ठेवतो.

कोशाआधी वाक्य

शब्द अडला की कोश उघडण्यापूर्वी तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य पूर्ण उतरवून घ्यावे आणि त्याखाली एक प्रश्न लिहावा : कशाच्या बाहेर? मराठीतला ‘बाहेर’ सहसा एकटा फिरत नाही. घराबाहेर, गावाबाहेर, आवाक्याबाहेर, प्रमाणाबाहेर अशा शब्दांत तो कोणत्या ना कोणत्या हद्दीला चिकटलेला असतो, आणि ती हद्द उच्चारल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. इंग्रजी भाववाचक नामात मात्र हद्द गळून पडते आणि नुसता बाहेरपणा शिल्लक राहतो. गळलेली ती हद्द शोधून काढली की अर्ध्याहून अधिक काम झालेच असे समजावे.

काही ओळखीची उदाहरणे घेऊ. मलमाच्या डबीवर ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असे छापलेले असते, तिथे हद्द कातडीची असते. बाह्यरुग्ण विभागाची हद्द दवाखान्यातल्या खाटेची असते. रुग्ण इमारतीच्या आत उभा असतो, तरीही बाह्य ठरतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला ‘बाहेरून’ बसणारा मुलगा परीक्षेच्या वर्गात इतरांच्या शेजारीच बसलेला असतो, कारण त्याचे बाहेर असणे शाळेच्या हजेरीपटापुरते असते. एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाच्या पेटीबाहेर असते, आणि सरकारला बाहेरून पाठिंबा देणारा पक्ष मंत्रिमंडळाबाहेर असतो, सभागृहाबाहेर नव्हे. या सगळ्या ठिकाणी एकच शब्द आहे आणि प्रत्येक ठिकाणी भिंत निराळी आहे. विद्यार्थिनीच्या परिच्छेदातली भिंत कोणती हे तिने स्वतःला विचारले नव्हते, आणि ‘परकेपणा’ तेवढ्या फटीतून आत शिरला.

शब्दाची फोड

दुसरे काम शब्दाची फोड करण्याचे. ‘एक्स्टर्नॅलिटी’च्या मुळाशी लॅटिन ‘एक्स’ आहे, म्हणजे ‘मधून बाहेर’. त्याला ‘तेर’ हा प्रत्यय लागून ‘एक्स्तेर’ झाले, त्यापासून ‘एक्स्तेर्नुस’, म्हणजे बाहेरचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘एक्स्टर्नल’ हे विशेषण इंग्रजीत रूढ झाले आणि त्याचे भाववाचक नाम सतराव्या शतकात दिसू लागले. ‘एक्स्टिरिअर’ हे त्याच मुळाचे तरभाव दाखवणारे रूप आहे, म्हणजे अधिक बाहेरचा, आणि ‘एक्स्ट्रीम’ हे तमभाव दाखवणारे, म्हणजे सर्वांत बाहेरचा. रंगाऱ्याने ‘एक्स्टिरिअरचा डबा आणा’ असे सांगितले की आपण नकळत दोन हजार वर्षांपूर्वीचे तुलनेचे व्याकरण दुकानदाराला ऐकवत असतो.

या ‘तेर’ प्रत्ययापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण तो आपल्या घरातलाच आहे. उत्तर, इतर, अंतर या संस्कृत शब्दांतला ‘तर’ आणि लॅटिनमधला ‘तेर’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. त्याचे काम जोडीतले एक दुसऱ्यापासून वेगळे काढण्याचे. ‘इतर’ म्हटले की ‘हा नव्हे, तो’ असा भेद आपोआप उभा राहतो. त्याच न्यायाने ‘एक्स्तेर’ म्हटले की कुठेतरी ‘आतला’ गृहीत धरलेला असतो. त्या आतल्याला लॅटिनमध्ये ‘इंतेर’ आणि संस्कृतात ‘अंतर्’ म्हणतात, आणि हे दोन शब्द तर सख्खे भाऊ आहेत. गंमत अशी की आतला शब्द दोन्ही भाषांनी एकाच वाड्यातून घेतला आणि बाहेरच्यासाठी दोघींनी वेगवेगळी दारे धरली. लॅटिनने ‘एक्स’ घेतला, संस्कृतने ‘बहिस्’ घेतला. इंग्रजीचा घरचा शब्द ‘आउट’ मात्र आपल्या ‘उद्’ या उपसर्गाचा नातलग आहे. उत्खनन, उद्भव, उद्गार या शब्दांत वर येण्याबरोबर बाहेर येण्याचाही भाव आहे, तो याच नात्यामुळे.

शेवटी उरतो ‘इटी’. लॅटिनमधला हा भाववाचक प्रत्यय आणि संस्कृतचा ‘ता’ यांचेही मूळ एकच आहे. म्हणून ‘बाह्यता’ हा प्रतिशब्द निदान रचनेच्या दृष्टीने चोख बसतो. तो अर्थालाही बसतो की नाही हा पुढचा प्रश्न आहे.

मराठीचा ‘बाहेर’ संस्कृत ‘बहिस्’पासून प्राकृत ‘बाहिर’मार्गे आला, आणि आमच्या भागातल्या खेड्यात तो आजही ‘भाईर’ असा ऐकू येतो. मराठी शब्दांच्या मुळांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आधी पाहावा, आणि जुन्या अर्थच्छटांसाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती पाहावी. दोन्ही हाताशी असावेत. एका कोशावर विसंबणे म्हणजे एका साक्षीदारावर निकाल देणे.

दाराचा गोतावळा

बाहेरपणासाठी लॅटिनमध्ये आणखी एक शब्द होता, आणि माझ्या मते या विषयाची किल्ली त्याच्यात आहे. ‘फोरिस’ म्हणजे ‘बाहेर’, आणि त्याचे मूळ ‘फोरेस’, म्हणजे दार. संस्कृत ‘द्वार’, मराठी ‘दार’, इंग्रजी ‘डोअर’ आणि ग्रीक ‘थुरा’ ही सारी त्याच मुळाची फळे आहेत. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे नावही इथलेच. दारासारख्या उभट ढालीला ग्रीकमध्ये जो शब्द होता त्यावरून ते पडले. ‘फोरिस’पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘फॉरेन’ आला. त्याच्या लेखनातला न उच्चारला जाणारा ‘ग’ मूळचा नाही, राज्यकारभारविषयक दुसऱ्या एका शब्दाच्या संगतीने तो पुढे चिकटला. आरंभी ‘फॉरेन’चा अर्थ परदेशी असा नव्हता, नुसता घराबाहेरचा असा होता. मध्ययुगीन इंग्रजीत शौचकूपाला ‘बाहेरची खोली’ अशा अर्थाने याच शब्दाने ओळखत. आपल्याकडे पोथ्यापुराणांतली मंडळी ‘बहिर्दिशेला’ जात, आणि आमच्या गावी अजूनही म्हातारी माणसे नुसते ‘भाईर जाऊन येतो’ म्हणतात, तेव्हा कोणी त्यांना कुठे म्हणून विचारत नाही. दोन दूरच्या भाषांनी लाजेपोटी एकच वाट धरावी याचे मला नेहमी कौतुक वाटते.

‘स्ट्रेंज’ आणि ‘स्ट्रेंजर’ यांचे कूळ मात्र ‘एक्स’चे आहे. लॅटिन ‘एक्स्त्रानेउस’, म्हणजे बाहेरचा, जुन्या फ्रेंचमधून घासूनपुसून ‘स्ट्रेंज’ झाला, आणि तोच शब्द पुढे थेट लॅटिनमधून उचलल्यावर ‘एक्स्ट्रेनिअस’ म्हणून निराळ्या कपड्यांत पुन्हा आला. म्हणजे विचित्र आणि असंबद्ध हे दोन अर्थ इंग्रजीने एकाच बाहेरच्या माणसाकडून घेतले. कुळकथा रंजक असते, पण ती वाचताना एक पथ्य पाळावे : व्युत्पत्ती शब्दाचे गाव सांगते, त्याचा आजचा पत्ता सांगत नाही. ‘फॉरेन’ दारापासून निघाला म्हणून परराष्ट्र खात्याला दारखाते म्हणता येत नाही.

मग दाराचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की बाहेरपणा नेहमी कोणाच्या तरी दारातून मोजला जातो हे ध्यानात राहते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, पैठण दरवाजा आहे आणि दिल्ली दरवाजाही आहे. पैठण दरवाजा पैठणला नाही आणि दिल्ली दरवाजा दिल्लीला नाही. आतल्या माणसाने दरवाजाला नाव दिले ते बाहेर कुठे जाता येते त्यावरून. पैठणहून आलेल्या माणसाला तोच दरवाजा शहरात शिरण्याचा. ‘बाहेर’ हे नाव आत उभा असलेला माणूस देतो, आणि भाषांतर करताना तो माणूस कोण हे विचारावे लागते.

निजामाच्या राजवटीमुळे आमच्याकडे या जोडीची आणखी एक आवृत्ती रुळलेली आहे. दावा ‘दाखल’ होतो आणि अपील ‘खारीज’ होते. दोन्ही शब्द अरबी आहेत. पहिल्यात आत शिरणे आहे, दुसऱ्यात बाहेर पडणे. शाळेचा ‘दाखला’ आणि घरचा ‘खर्च’ हे यांच्याच घरातले. खर्च म्हणजे बाहेर गेलेले. या शब्दांची कुळे तपासायची असतील तर माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’ उपयोगी पडतो. फारसीतला ‘बेरून’ म्हणजे बाहेर, आणि शहराच्या बाहेरच्या वस्तीत जन्मलेला म्हणून अल्-बेरूनी हे नाव पडलेला विद्वान अकराव्या शतकात भारतावर ग्रंथ लिहून गेला.

अर्थशास्त्रातली भिंत

आता विद्यार्थिनीच्या परिच्छेदाकडे वळू, कारण या शब्दाची सर्वाधिक गफलत अर्थशास्त्रात होते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये ‘बाह्य बचती’ची कल्पना मांडली. एखाद्या उद्योगसंस्थेला तिच्या स्वतःच्या कारभारातून नव्हे, तर आजूबाजूला तोच धंदा वाढल्यामुळे जो फायदा मिळतो, तो तिच्या दृष्टीने बाहेरून आलेला. जालन्यात नवी बियाणे कंपनी निघाली तर तिला बीजोत्पादन जाणणारे शेतकरी, प्रतवारीच्या कामात हात बसलेले मजूर आणि वाहतुकीची घडी आयती मिळते. हे सारे तिने उभे केलेले नसते. पुढे आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये याची दुसरी बाजू ठळक केली. रेल्वेच्या इंजिनातून उडालेल्या ठिणग्यांनी रूळाशेजारचे रान जळते आणि त्याची भरपाई कोणी देत नाही, हे त्यांचे उदाहरण. अशा नुकसानीइतका कर लावावा, असा विचार त्यांच्या नावाने आजही ओळखला जातो. ‘एक्स्टर्नॅलिटी’ हे नाव या सगळ्याला विसाव्या शतकाच्या मध्यावर चिकटले.

येथे हद्द कशाची? देशाची नव्हे, गावाची नव्हे, कारखान्याच्या कुंपणाचीही नव्हे. हद्द सौद्याची आहे. विकणारा आणि घेणारा यांच्यात जो व्यवहार ठरतो, त्याच्या किमतीत जे मोजले जात नाही आणि तरीही तिसऱ्या कोणाला सोसावे किंवा भोगावे लागते, ते बाहेर राहिले. म्हणून परदेशी गुंतवणुकीशी किंवा परराष्ट्र व्यापाराशी या शब्दाचा काही संबंध नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो संबंध वर्षानुवर्षे जोडला जातो, हे मी पाहत आलो आहे.

विद्यार्थिनीला हे पटवण्यासाठी मी तिच्याच घरचे उदाहरण विचारले. तिच्या चुलत्यांची विहीर औसा तालुक्यात आहे. शेजाऱ्याने उसासाठी पाचशे फुटांचा बोअर घेतला आणि दोन उन्हाळ्यांत विहिरीचे पाणी तळाला गेले. शेजाऱ्याची पावती तिने पाहिली होती. तीवर खोदाईचा फुटाचा दर होता, केसिंग पाइपचे पैसे होते, मोटार आणि केबल यांची रक्कम वेगळी मांडलेली होती. शेजारच्या विहिरीसाठी पावतीत रकाना नव्हता. नसलेला हा रकाना म्हणजेच एक्स्टर्नॅलिटी. विहीर बोअरपासून हाकेच्या अंतरावर आहे, चुलते शेजाऱ्याचे भाऊबंद आहेत, परकेपणाचा येथे मागमूस नाही. तरी विहीर व्यवहाराच्या बाहेर आहे.

मराठवाड्याखालचा काळा कातळ पाणी धरतो तो भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्यामुळे एकाने खोलातून उपसले की शेजाऱ्याची भेग कोरडी पडणे साहजिक असते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, ते याच कारणाने. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटरांच्या वर जातात हे वाचकाने हिशेब करून पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पावसाने दगा दिला हे मोठे कारण होतेच. तरीही उपशाची जी किंमत उपसणाऱ्यांच्या पावत्यांत कधी आली नव्हती ती शेवटी कोणाकोणाला मोजावी लागली, हे फलाटावर कळशी घेऊन उभ्या नसलेल्या माणसालाही दिसत होते.

हा परिणाम तोट्याचाच असतो असे मात्र नाही. जेम्स मीड यांनी १९५२ मध्ये मधमाश्या आणि सफरचंदाची बाग यांचे उदाहरण दिले : माश्या मध नेतात आणि जाताना परागीभवन करतात, आणि बागवाला व मधपाळ यांच्यात पैशाची देवाणघेवाण होत नाही. स्टीव्हन च्युंग यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेतल्या बागांत मधपाळांशी रीतसर करार होतात, म्हणजे ते उदाहरणच सौद्याच्या आत आलेले होते. बाहेरचे आत आणता येते हा मुद्दा त्याआधी रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या लेखात मांडला होता. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. औशातल्या दोन भावकीतल्या शेतकऱ्यांची बोलणी बिनखर्चाची होतात असे ज्याला वाटते त्याने एकदा बांधावरचे भांडण जवळून पाहावे.

तत्त्वज्ञानातली भिंत

तत्त्वज्ञानात हद्द मनाची असते. जॉर्ज बर्कली यांनी दृष्टीविषयीच्या आपल्या १७०९ च्या निबंधात ‘आउटनेस’ असा साधा, घरगुती बनावटीचा शब्द वापरला. वस्तू आपल्यापासून दूर, बाहेर आहेत ही जाणीव डोळा थेट देत नाही, ती स्पर्शाच्या आणि हालचालीच्या अनुभवाने शिकलेली असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेथे ‘बाह्यता’ लिहिले तरी चालते, पण मी ‘बाहेर असणे’ असेच लिहीन, कारण मूळ शब्द जाणूनबुजून साधा आहे. भारतीय दर्शनांत याच वादासाठी ‘बाह्यार्थ’ हा तयार शब्द आहे. मनाबाहेर वस्तू आहे की नाही यावर बौद्ध आणि इतर आचार्य शतकानुशतके भांडले, तेव्हा प्रतिशब्द घडवण्याचे कष्ट येथे वाचतात.

इमॅन्युएल लेव्हिनास यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘एक्स्टिरिऑरिटी’चा फ्रेंच अवतार ठेवला. तेथे हद्द ‘मी’ची आहे. दुसरा माणूस माझ्या समजुतीत पुरता मावत नाही, तो नेहमी तिच्या बाहेर शिल्लक राहतो, आणि हे त्याचे उणेपण नसून त्याचा मान आहे. येथे ‘परकेपणा’ लिहिले तर मान जातो आणि तुटलेपणा येतो. मी येथे ‘बाह्यत्व’ लिहितो.

मराठी शब्दांची निवड

हद्द ठरली की प्रतिशब्द शोधावा, आणि तो शोधताना प्रत्येक मराठी शब्दाच्या पाठीवर आधीच काय लादलेले आहे ते तपासावे. ‘परका’ म्हटले की नाते तुटलेले. ‘उपरा’ म्हटले की हक्क नसलेला. जुन्या गावगाड्यात वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, असा महसुली फरकच होता. ‘बाहेरख्याली’त चारित्र्यावर बोट आहे, ‘बाहेरची बाधा’ झाली की देवऋषी आला, आणि ‘बाहेर बसणे’ म्हणजे काय हे आमच्या आई-आज्यांना विचारावे. ‘गावकुसाबाहेर’ या शब्दात तर इतके साठलेले आहे की तो रूपक म्हणून सहज वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘बहिष्कृत’ या शब्दाकडे व्याकरणाच्या डोळ्याने पाहावे. त्यात ‘कृत’ आहे, म्हणजे कोणीतरी बाहेर केलेला. ‘बाह्य’ हा बाहेर आहे एवढेच सांगतो, कोणी काढला ते सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक काढले, तेव्हा त्या नावातच कर्ता नजरेसमोर उभा केलेला होता. इंग्रजी मजकुरात बाहेर काढणारा कोणी असेल तर मराठीत ‘बाह्यता’ लिहून त्याला लपवू नये, आणि तसा कोणी नसेल तर ‘बहिष्कार’ लिहून त्याला उभा करू नये.

याच्या उलट टोकाला ‘सबाह्य’ आहे. पैठणच्या एकनाथांच्या दत्ताच्या आरतीत ‘सबाह्य अभ्यंतरी’ ही शब्दजोडी येते आणि लहानपणापासून टाळ्या वाजवत आपण ती म्हणत आलो आहोत. तेथे आत आणि बाहेर यांच्यातली भिंतच काढून टाकलेली आहे. अर्थशास्त्राच्या भाषांतरात या शब्दाचा उपयोग नाही, पण ‘बाह्य’ हा शब्द मराठी कानाला अवघड वाटेल ही भीती निराधार आहे, एवढे त्यावरून दाखवता येते.

अर्थशास्त्रासाठी ‘बाह्यता’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत चालतो. एक अडचण मात्र भाषांतर करताना लगेच जाणवते. इंग्रजीत हा शब्द मोजता येतो, एक, दोन, अनेक. मराठीत ‘ता’ प्रत्ययाच्या नामाचे अनेकवचन रूपाने बदलत नाही, आणि ‘अनेक बाह्यता निर्माण होतात’ हे वाक्य कोणाच्या तोंडून सहज येत नाही. म्हणून मोजता येण्याजोग्या ठिकाणी ‘बाह्य परिणाम’ आणि गुणधर्म सांगायचा तेथे ‘बाह्यता’ अशी वाटणी मी करतो. पहिल्यांदा शब्द येईल तेव्हा ‘सौद्यात नसलेल्या तिऱ्हाइतावर होणारा बाह्य परिणाम’ असे पूर्ण लिहावे, नंतर आखूड करावे. ‘तिऱ्हाईत’ हा शब्द येथे फार कामाचा आहे : दोघांच्या व्यवहारातला तिसरा, ना वैरी ना परका. तो मराठीत किती काळ आपली वाट पाहत बसलेला आहे आणि आपण मात्र ‘तृतीय पक्ष’ लिहीत आहोत.

लेखनाची एक बाब येथेच सांगून टाकतो, कारण चुका नेमक्या तिथे होतात. ‘बहिस्’चा शेवटचा स् पुढच्या वर्णाप्रमाणे रूप बदलतो. पुढे क असेल तर बहिष्कार, म किंवा ग असेल तर बहिर्मुख आणि बहिर्गोल, पुढे स किंवा श असेल तर बहिःस्थ आणि बहिःशाल. ‘बहिर्स्थ’ आणि ‘बहिःमुख’ ही दोन्ही रूपे चुकीची आहेत.

शब्द निवडल्यावर तो तीन-चार वाक्यांत घालून, विभक्ती लावून, अनेकवचन करून पाहावा आणि मग विषयाशी संबंध नसलेल्या पण प्रसंगाशी संबंध असलेल्या माणसाला वाचून दाखवावा. विद्यार्थिनीने विहिरीचा परिच्छेद नव्याने लिहून चुलत्यांना ओसरीवर वाचून दाखवला. ‘बाह्य परिणाम’पाशी ते अडले नाहीत, ‘तिऱ्हाईत’पाशी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “मंजी आमच्या हिरीचंच लिवलंय की.” त्यांनी एक हरकतही घेतली : आपल्याला तिऱ्हाईत म्हटलेले त्यांना आवडले नाही, कारण शेजारी भावकीतला होता. ती हरकत भाषेची नव्हती, म्हणून आम्ही शब्द तसाच ठेवला.

साखर कारखान्याचे वाक्य तिने पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून आणले : “कारखान्याच्या सांडपाण्याचा बाह्य परिणाम ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांवर होतो आणि साखरेच्या भावात तो धरलेला नसतो.” पहिल्या खर्ड्यात ‘ओढ्यावर’ असे होते. ते खोडून ‘ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांवर’ असे तिने स्वतःच केले होते, आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते : कोणाच्या बाहेर?